खंबाटकीच्या दोन वाटा

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी गाडी खंबाटकी घाट चढून जाते. साताऱ्याहून पुण्याकडे येणारी गाडी त्याच डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून बाहेर पडते. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत या दोन्ही वाटा तुडुंब भरतात. घाटात रांग लागते ती मुंबई-पुण्याच्या गाड्यांची. टपावर बॅगा बांधलेल्या, मागच्या काचेतून मुलांच्या उशा दिसणाऱ्या या गाड्या महाबळेश्वर, तापोळा, बामणोलीकडे, म्हणजे कोयनेच्या पाण्याकडे निघालेल्या असतात. बोगद्यातून येणाऱ्या एसटीत जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतली माणसं बसलेली असतात. कुणी मुलाकडे निघालेलं, कुणी भाचीच्या लग्नाला, कुणी केईएमला दाखवायला, आणि एखादं कुटुंब खरोखरच मुंबई बघायला. ज्या गावी एकाची सुट्टी असते तिथे दुसऱ्याचं घर असतं. वाटा वेगळ्या असल्यामुळे दोघं एकमेकांना दिसतही नाहीत.

सुट्टीत डोंगरातल्या तलावाकाठी जायचं की मोठ्या शहरात, हा वाद आता बहुतेक घरांत होतो. तलावाच्या बाजूनं बोलणाऱ्याला शांतता हवी असते, मोकळी हवा हवी असते, फोन बंद ठेवायचा असतो. शहराच्या बाजूचा म्हणतो, मुलांना काहीतरी बघायला मिळू दे, दोन दिवस पाण्याकडे बघून करायचं काय? आजोबांचे गुडघे, धाकटीला घाटात होणाऱ्या उलट्या, हॉटेलचे दर हे सगळं मांडलं जातं. तिथे गेल्यावर स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न मात्र सहसा कुणी उघड विचारत नाही. ज्या बाईला तो पडतो तिच्या मताला या वादात पहिलं स्थान असायला हवं, असं मला फार वर्षांपासून वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगते. निसर्ग हवा की शहर, अशी ही निवड निदान महाराष्ट्रात तरी होऊच शकत नाही. लोणारसारखा अपवाद सोडला तर आपल्या डोंगरांतले बहुतेक तलाव माणसानं बांधलेले आहेत. महाबळेश्वरचं वेण्णा तळंसुद्धा साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतलेलं. भंडारदऱ्याचं पाणी नगरकडच्या शेतीसाठी अडवलं, पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडपर्यंत जातं. लोणावळ्याभोवतीचे वळवण, शिरवता हे तलाव टाटांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी बांधले आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. ज्या पाण्याकडे बघताना शहर विसरल्यासारखं वाटतं, ते पाणी शहरासाठीच थांबवून ठेवलेलं असतं.

कोयनेइतकं हे दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही. ही नदी महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. वळणाच्या अलीकडे धरण आहे. त्यामागे साठलेला शिवसागर जवळपास पन्नास किलोमीटर लांब पसरला आहे. धरण भरलं की त्यात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. यातलं बरंचसं पाणी नदीच्या मूळ वाटेनं पूर्वेला जात नाही. डोंगराखालून बोगद्यानं ते पश्चिमेला वळवलेलं आहे. पोफळीच्या भूमिगत वीजघरात ते चारशे मीटरहून जास्त खाली कोसळतं, जनित्रं फिरवतं आणि चिपळूणच्या वाशिष्ठीतून समुद्राला जातं. कृष्णा पाणीवाटप लवादानं पश्चिमेकडच्या या वापराला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. औष्णिक केंद्र मागणीप्रमाणे झटकन कमी-जास्त करता येत नाही, जलविद्युत केंद्र काही मिनिटांत पूर्ण ताकदीनं चालवता येतं. म्हणून राज्यात विजेची मागणी एकदम चढते त्या वेळी कोयना कामाला येते. संध्याकाळी शहरातल्या घरांत दिवे, पंखे, एसी एकाच वेळी सुरू होतात तेव्हा इथल्या पाण्याला वाट मोकळी करून दिली जाते.

सुट्टीला जाणाऱ्यानं हे नीट समजून घ्यावं. कोयनेचं पाण्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं, त्यामुळे मे महिन्यात तलाव वर्षातल्या सगळ्यात खालच्या पातळीच्या आसपास असतो. फोटोतला निळा विस्तार डोळ्यांसमोर ठेवून मे महिन्यात तापोळ्याला गेलेल्या माणसाला काठावर तांबडा, भेगाळलेला उतार दिसतो आणि लाँचपर्यंत बरंच खाली चालत जावं लागतं. कुणी फसवलेलं नसतं. तलाव आपलं काम करून रिकामा झालेला असतो. या उघड्या पडलेल्या जमिनीवर पूर्वी गाळपेर व्हायची. ज्यांची मूळ जमीन पाण्याखाली गेली त्यांनीच तिच्यावर काही महिन्यांपुरतं पीक घ्यायचं. भरलेलं पाणी बघायचं असेल तर पाऊस उघडल्यावर जावं. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचे दिवस इथले खरे.

साताऱ्याहून कास पठार ओलांडून रस्ता बामणोलीला उतरतो. जवळच कोयना, सोळशी आणि कांदाटी एकत्र येतात. धरणाआधी तो तीन नद्यांचा संगम होता, आता तिन्ही दऱ्यांत एकच पाणी आहे. बामणोलीचा बोट क्लब गावातल्याच लोकांचा. वासोटा किल्ल्यावर जायचं तर वनखात्याचा परवाना काढायचा, लाँच ठरवायची, तासा-दीड तासानं पलीकडे मेट इंदवलीला उतरायचं आणि दाट जंगलातून दोन-अडीच तास चढायचं. कोयना अभयारण्य १९८५ चं, आता ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, म्हणून तिथे मुक्काम करता येत नाही. अंधार पडायच्या आत लाँच परत फिरलीच पाहिजे. पावसाळ्यात वासोटा बंद. हे नियम काहींना जाचक वाटतात. मला ते या तलावाचं भाग्य वाटतात. पवनेच्या काठावर गेल्या काही वर्षांत तंबूंच्या रांगा उभ्या राहिल्या, शनिवारी रात्री एका तंबूतला स्पीकर दुसऱ्याशी झुंजतो आणि तुंग-तिकोना किल्ल्यांच्या सावलीत शांततेसाठी आलेली माणसं पहाटेपर्यंत जागी राहतात. वासोट्याच्या बाजूला अजून रात्र काळी असते.

पवनेचं नाव निघालं की मला ९ ऑगस्ट २०११ आठवतो. पिंपरी-चिंचवडला बंद नळानं पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. तंबूतून पाण्यात पाय सोडून बसलेल्या मुलांना हे कुणी सांगत नाही. त्यांना सांगायला हवं. त्यात त्यांची सुट्टी बिघडवण्याचा हेतू नाही. आपण कुठे बसलो आहोत हे कळलं की माणूस त्या जागी नीट वागतो, असा माझा अनुभव आहे. मुळशीच्या धरणाचंही तसंच. नीला-मुळेच्या खोऱ्यातल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला आणि तो १९२४ पर्यंत चालला. धरणानं विस्थापित होणाऱ्यांचा हा जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी एक. धरण झालंच. त्याचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरतं आणि कोलाडला सकाळी राफ्टिंग चालतं ते त्या सोडलेल्या पाण्यावर.

पुन्हा कोयनेकडे येते. इथली नदीकाठची भातखाचरं बुडाली. काही गावं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडे वसवली गेली, काही माणसं डोंगरात वर सरकून तिथेच राहिली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानं उरल्यासुरल्या घरांचीही पडझड झाली. शेकडो वर्षं राहिलेल्या जागेशेजारी लोक नव्यानं राहू लागले, आणि सहा दशकांनंतरही पर्यायी जमिनीसाठी कोयनानगरला धरणग्रस्तांचे ठिय्ये लागतात.

या खोऱ्यातल्या पुरुषांची वाट तर धरणाच्या आधीपासूनच मुंबईची. गिरण्या, गोदी, मसाला बाजार, नंतर वाशीचा घाऊक बाजार. ओझी उचलणारे माथाडी मोठ्या संख्येनं सातारा आणि आसपासच्या जिल्ह्यांतले. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे या कामाला पहिल्यांदा हक्काचा आधार मिळाला. एकेका गावाची मुंबईत गावकीची खोली असायची. पंधरा-वीस पुरुष पाळीपाळीनं तिथे झोपायचे, पेट्या भिंतीला लावलेल्या, जेवण खानावळीत. गावच्या देवळाला वर्गणी मुंबईहून यायची, शाळेची खोली मुंबईकर मंडळ बांधून द्यायचं. आजही यात्रेची तारीख ठरवताना मुंबईकरांना सुट्टी कधी मिळते हे पाहिलं जातं. घाट चढणाऱ्या मेच्या रांगेत पर्यटकांइतकेच हेही असतात. शेजारच्या गाडीतल्या कुटुंबासाठी तापोळा म्हणजे बोटिंगचं ठिकाण, यांच्यासाठी आईचं घर.

बामणोलीच्या बाजूला एका घरी आम्ही जेवायला थांबलो होतो. नाचणीची भाकरी, झुणका, वालाचं कालवण आणि डोंगरातला भात. वाढणाऱ्या मावशींचे यजमान तीसेक वर्षं मुंबईत माथाडी होते. निवृत्त होऊन गावी आले, आता मुलगा लाँचवर असतो आणि घरात पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत. मी सहज विचारलं, "मावशी, मुंबई बघितली असेल की तुम्ही पुष्कळ?" त्या म्हणाल्या, "मुंबई न्हाई. खोली बगितली."

दोनदा गेल्या होत्या त्या. एकदा यजमानांच्या ऑपरेशनच्या वेळी, एकदा दिराच्या मुलीच्या बाळंतपणाला. दोन्ही वेळा दिवसभर घरात, संध्याकाळी नळाला पाणी आलं की भरून ठेवायचं. परतताना टॅक्सीतून समुद्र दिसला तेवढाच. या खोऱ्यातल्या कितीतरी बायकांची मुंबई अशीच असणार. नवऱ्याचं सगळं आयुष्य त्या शहरानं घेतलं, त्याची मनीऑर्डर या डोंगरात आली, पण त्या शहरात नुसतं हिंडायला जायचं हे कुणाच्या मनात आलं नाही.

तेव्हापासून शहराच्या सहलीबद्दल मला जास्त आस्थेनं बोलावंसं वाटतं. पुण्या-नाशकातली माणसंही "मुंबईत काय बघायचं? गर्दी?" असं म्हणतात आणि परदेशात गेली की तिथल्या शहरांत पाय दुखेपर्यंत चालतात. आपल्याकडे शहर म्हणजे काम, दवाखाना, कोर्ट आणि लग्न. पूर्वी नातेवाइकांकडे उतरायची सोय होती, तेव्हा मुंबईची सहल होत असे. दहा बाय बाराच्या खोलीत आठ पाहुणे मावायचे, गेटवे, राणीची बाग, हँगिंग गार्डन आणि म्हातारीचा बूट एवढं झालं की मुंबई झाली. त्या पाहुणचाराच्या आठवणी सगळे प्रेमानं सांगतात. चाळीतल्या त्या काकूंनी चार दिवस किती पोळ्या लाटल्या, ते त्यांच्या आठवणीत असेल. आता घरं मोठी झाली तरी उतरणं कमी झालं. हॉटेलचा खर्च परवडत नाही आणि शहर यादीतून वगळलं जातं. दादर-परळच्या धर्मशाळा, वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं, उपनगरातली साधी लॉज अजून आहेत. थोडी चौकशी केली तर चार दिवसांचा मुक्काम आवाक्यात येतो. भेटायला नातेवाइकांकडे जावं, राहायला दुसरीकडे. दोन्ही घरच्या बायका दुवा देतील.

मुंबई नीट बघायची तर एका दिवशी एकच भाग घ्यावा. भायखळ्याला सकाळी राणीची बाग. मुलं पेंग्विनकडे धावतील, मोठ्यांनी झाडं बघावीत, शंभर वर्षांहून जुनी झाडं तिथे आहेत. लागूनच १८७२ पासून चालू असलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय, त्यात जुन्या मुंबईची, तिच्या कारागिरांची, कष्टकऱ्यांची मातीची छोटी चित्रं. दोन्ही बुधवारी बंद असतात, एवढं ध्यानात ठेवावं. दुसऱ्या दिवशी फोर्ट. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत गाडी पकडायच्या घाईत सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्यासमोर रस्त्यापलीकडे पंधरा मिनिटं नुसतं उभं राहावं. दगडात कोरलेले मोर, माकडं, पानं दिसू लागतात. तिथून चालत चालत वस्तुसंग्रहालय, मग गेटवे. घारापुरीला जायचं तर सोमवार सोडून. भुयारी मेट्रो आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावते, त्यामुळे ज्येष्ठांनाही उपनगरातून दक्षिण मुंबईत येणं पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं झालं आहे.

आणि मलबार हिल. हँगिंग गार्डनच्या हिरवळीवर मुलं खेळतात, झुडपं कापून केलेले प्राणी बघतात. त्या हिरवळीखाली पाण्याची प्रचंड टाकी आहे. ब्रिटिशांच्या काळात बांधलेला तो जलाशय झाकून त्याच्यावर बाग केली आणि दक्षिण मुंबईला आजही त्यातून पाणी जातं. हे पाणी येतं कुठून? विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, दोन्ही आज राष्ट्रीय उद्यानात. १८९२ मध्ये तानसा आला आणि शहराची तहान शंभर किलोमीटरच्या आसपास पोचली. पुढे मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून अधिक पाणी मुंबई पिते आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा भातसाचा. तलाव ओसंडला की जुलैत वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर फोटो येतो. ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो ती बातमी आतल्या पानावर असते.

शहरातल्या मुलाला तलाव दाखवायला नेलं तर ही दुसरी बाजूही दाखवावी, आणि तलावाकाठच्या मुलाला शहरात नेलं तर या टाकीवर उभं करून सांगावं की बाळ, तुझ्या डोंगरासारख्याच डोंगरातलं पाणी इथे पायाखाली आहे. शाळांच्या सहली काढणाऱ्या शिक्षकांनी यावर विचार करावा अशी माझी मनापासून विनंती आहे.

मग जायचं कुठे? मला कुणी विचारलं तर मी आधी ऋतू विचारते आणि मग घरात सगळ्यात दमलेलं माणूस कोण, हे विचारते. पाच-सहा वर्षांचं मूल आणि सत्तरीचे आजी-आजोबा असतील तर शहर बरं. तिथे लिफ्ट असते, दवाखाना जवळ असतो, कंटाळा आला तर खोलीवर परतता येतं. बामणोलीकडे पावसाची उघडीप पाहून गेलं तरी रस्ते अरुंद, रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर सातारा गाठायला तास-दीड तास. वयात आलेली मुलं असतील तर पाणी आणि जंगल द्या, त्यांना चढू द्या, दमू द्या. घर चालवणारी बाई दमली असेल तर अशी जागा निवडा जिथे ताट वाढून समोर येईल, मग ते दादरच्या खानावळीत येवो की तापोळ्याच्या ओट्यावर. आणि ते वाढणाऱ्या बाईच्या हातात पैसे थेट पडतील असं घर शोधा. तलावाकाठची मोठी रिसॉर्टं बहुतेक बाहेरच्यांची असतात, तिथे गावातला मुलगा वेटर होतो. गावातल्या घरी उतरलात तर तो यजमान होतो.

हा फरक येत्या काही वर्षांत आणखी महत्त्वाचा होणार आहे. सातारा, पाटण, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतल्या दोनशेहून अधिक गावांचा 'नवीन महाबळेश्वर' म्हणून विकास करण्याचं काम राज्य सरकारनं रस्ते विकास महामंडळाकडे सोपवलं आहे. तापोळ्याजवळ, आजवर तराफ्यातून गाड्या पलीकडे जात होत्या त्या पाण्यावर, मोठ्या पुलाचं काम हाती घेतलेलं आहे. कांदाटी खोऱ्यातल्या बाळंतिणीला लाँचची वाट बघत बसावं लागणार नाही, याचा मला आनंद आहे. त्याच पुलावरून जमिनीचे दलालही पलीकडे जातील, याची भीती आहे. एकदा धरणानं उठवलेली माणसं दुसऱ्यांदा उठू नयेत, त्यांच्या ओट्यावरच पाहुणे यावेत, हे सुट्टीला जाणाऱ्या माणसाच्या हातात थोडंफार तरी आहे.

मावशींच्या घरी निघताना मी त्यांना मुंबईला यायचा आग्रह केला. जूनच्या मध्यानंतर वासोटा बंद होतो, पाहुणे कमी होतात, भातलावणी उरकली की श्रावणात त्यांना थोडी मोकळीक असते. त्यांनी लगेच हिशेब मांडला. धाकट्या जावेला बरोबर घ्यायचं, नातेवाइकांच्या खोलीवर उतरायचं नाही, कारण उतरलं की पोळ्या आल्या. राणीची बाग बघायची, आणि यजमान ज्या बाजारात गोणी उचलायचे तो बाजार आतून बघायचा. "त्यो बाजार मला बगायचाय," त्या दुसऱ्यांदा म्हणाल्या आणि भुयारी रेल्वेचं तिकीट कुठे काढतात ते मला विचारू लागल्या.